जुना ड्राफ्ट पुन्हा तपासताना: आपल्या एनएचएल संघाची निवड खरंच चुकली होती का?

एनएचएल ही उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची मुख्य लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिच्या संघांनी दरवर्षी तरुण खेळाडू पाळीपाळीने निवडण्याची प्रक्रिया. बोस्टन ब्रुइन्सच्या चाहत्यासमोर २०१५ चा ड्राफ्ट नुसता काढून बघा. १३, १४ आणि १५ अशा सलग तीन निवडी संघाच्या हातात होत्या. घेतले कोण, तर याकुब झबोरिल, जेक डेब्रस्क आणि झॅकरी सेनिशिन. आणि लगेच पुढच्या तीन क्रमांकांवर गेले मॅथ्यू बार्झल, काइल कॉनर आणि थॉमस शाबॉट. झबोरिल एनएचएलमध्ये शंभर सामन्यांपर्यंतही पोचला नाही, सेनिशिनचे वीससुद्धा झाले नाहीत.

ही तक्रार रास्त आहे. पण तिच्या पोटात चार वेगवेगळ्या तक्रारी असतात: स्काउटांची (खेळाडू हेरणाऱ्यांची) यादी चुकली, यादी बरोबर असून टेबलावरचा निर्णय चुकला, खेळाडू चांगला असून संघाने त्याला घडवलं नाही, किंवा नशीब आडवं आलं. या चारही एकत्र ठेवल्या तर वाद कधीच संपत नाही, कारण प्रत्येक जण वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलत असतो. त्या वेगळ्या करण्याची पद्धत पुढे दिली आहे. साहित्य फार लागत नाही: एक स्प्रेडशीट, हॉकी रेफरन्स किंवा एलिट प्रॉस्पेक्ट्सवरचे ड्राफ्टचे निकाल, त्या वर्षीच्या निदान दोन सार्वजनिक क्रमवाऱ्या आणि संघाच्या ट्रेडची (दुसऱ्या संघांशी केलेल्या अदलाबदलीची) नोंद.

निकाल लावण्याआधी किती थांबायचं

सर्वांत जास्त चुका इथेच होतात. अठरा वर्षांच्या मुलाचा हिशोब दोन वर्षांत मांडणं निरर्थक आहे. फॉरवर्डसाठी ड्राफ्टनंतर पाच हंगाम, डिफेन्समनसाठी सहा आणि गोलकीपरसाठी आठ, एवढी मुदत धरा. विनिपेगने कॉनर हेलेबकला २०१२ मध्ये १३० व्या क्रमांकावर घेतलं. तीन वर्षांनंतरही त्याच्या नावावर एनएचएलचा एकही सामना नव्हता. पहिला सामना आला तो नोव्हेंबर २०१५ मध्ये. २०१४ साली निकाल लावला असता तर पाचव्या फेरीतली आणखी एक वाया गेलेली निवड म्हणून ती खोडली गेली असती. पुढे त्याच माणसाने वेझिना (सर्वोत्तम गोलकीपर) आणि हार्ट (सर्वांत मौल्यवान खेळाडू) दोन्ही ट्रॉफ्या जिंकल्या.

रशियन खेळाडूंसाठी ही मुदतही पुरत नाही. किरिल कप्रीझोव्हला मिनेसोटाने २०१५ मध्ये १३५ व्या क्रमांकावर निवडलं, पण तो केएचएल या रशियन लीगमधल्या करारांत बांधलेला होता. पाच वर्षं उलटली तरी त्याची पाटी कोरी होती. जानेवारी २०२१ मध्ये तो आला आणि त्याच हंगामात काल्डर ट्रॉफी (सर्वोत्तम नवोदित) घेऊन गेला. अशा खेळाडूंसाठी मुदत उत्तर अमेरिकेत आल्यापासून मोजा, आणि तो दुसऱ्या लीगमध्ये होता तेवढा काळ स्प्रेडशीटमध्ये वेगळ्या रकान्यात ठेवा.

सामन्यांची संख्या मोजताना छोटे हंगाम विसरू नका. २००४-०५ चा हंगाम झालाच नाही, २०१२-१३ मध्ये ४८ सामने झाले, २०१९-२० नियमित सामने पुरे व्हायच्या आत थांबला आणि २०२०-२१ मध्ये ५६ झाले. हे आकडे ८२ च्या मापात आणले नाहीत तर २०१५ ते २०१८ च्या ड्राफ्टमधले खेळाडू विनाकारण मागे पडलेले दिसतात. ५६ पैकी ५० सामने खेळलेला खेळाडू ८२ च्या हिशोबात साधारण ७३ सामन्यांचा होतो.

आणखी एक खड्डा आहे. २००४ पर्यंत ड्राफ्ट नऊ फेऱ्यांचा होता, २००५ पासून सात फेऱ्यांचा. डस्टिन बफलिन २००३ मध्ये २४५ वा आणि यारोस्लाव हालाक २७१ वा गेला. हे क्रमांक आजच्या ड्राफ्टमध्ये अस्तित्वातच नाहीत. संघही ३० वरून २०१७ मध्ये ३१ आणि २०२१ मध्ये ३२ झाले. म्हणून वेगवेगळ्या काळातल्या निवडींची तुलना फेरीवरून करू नका, एकूण क्रमांकावरून करा.

त्या क्रमांकावर मुळात काय मिळतं

‘पहिल्या फेरीत घेतलेला पोरगा तिसऱ्या फळीत खेळतो’ (फळी म्हणजे एकत्र उतरणारे तीन फॉरवर्ड; पहिली सर्वांत भक्कम) ही तक्रार करण्याआधी त्या क्रमांकाचा सर्वसाधारण खेळाडू कसा निघतो हे माहीत हवं. त्यासाठी मोजपट्टी स्वतः बनवा. २००५ ते २०१४ असे दहा ड्राफ्ट घ्या. ज्या क्रमांकाची तपासणी करायची आहे, त्याच्या पुढचे दोन आणि मागचे दोन क्रमांकही धरा. पाच क्रमांक गुणिले दहा वर्षं, म्हणजे पन्नास खेळाडू मिळतात. प्रत्येकाचे एनएचएल सामने लिहा, क्रमाने लावा आणि मधला आकडा काढा. सरासरी काढू नका. पावेल दात्सुक १९९८ मध्ये १७१ वा निवडला गेला आणि ९५३ सामन्यांत ९१८ गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) करून गेला. असा एक माणूस पन्नासांत असला की सरासरी फुगते, आणि मग शेवटच्या फेऱ्यांमधली प्रत्येक साधारण निवड फसलेली वाटायला लागते.

तिसऱ्या फेरीपासून पुढे मधला आकडाही फारसा बोलत नाही, कारण तो शून्याच्या आसपास रेंगाळतो. तिथे वेगळं माप लावा: पन्नासपैकी किती जण २०० सामन्यांपर्यंत पोचले. हे मोजल्यावर दिसेल की पहिले दोन-तीन क्रमांक आणि बाकी पहिली फेरी यांच्यात मोठी दरी असते, पहिल्या फेरीच्या शेवटापर्यंत उतार तीव्र राहतो, आणि तिसऱ्या फेरीनंतर ८५ वा काय आणि १५० वा काय, फरक थोडाच उरतो. म्हणून पाचव्या फेरीतल्या चुकलेल्या निवडीवर रक्त आटवण्यात अर्थ नाही. खरा हिशोब पहिल्या साठ क्रमांकांत आहे.

त्या दिवशी काय दिसत होतं

आता मुख्य काम. ड्राफ्टच्या आदल्या आठवड्यातल्या क्रमवाऱ्या शोधा. एनएचएल सेंट्रल स्काउटिंगची (लीगच्या स्वतःच्या स्काउट विभागाची) यादी एकसंध नसते, हे ध्यानात ठेवा: उत्तर अमेरिकेतले स्केटर (गोलकीपर सोडून बाकी खेळाडू), युरोपातले स्केटर आणि दोन्हीकडचे गोलकीपर अशा स्वतंत्र याद्या असतात. त्यातला ‘पंधरावा’ म्हणजे एकूण पंधरावा नव्हे. एकत्र क्रमासाठी टीएसएन या कॅनडातल्या क्रीडावाहिनीवरची पत्रकार बॉब मॅकेन्झी यांची यादी उपयोगी पडते, कारण ती त्यांच्या स्वतःच्या आवडीवर नव्हे तर संघांच्या स्काउटांना विचारून बनवलेली असते. त्या काळात खेळाडूला संघ कुठे धरत होते, याचा तिच्याइतका जवळचा सार्वजनिक पुरावा मिळणं कठीण.

मग त्या मुलांचे ड्राफ्टच्या हंगामातले आकडे शेजारी मांडा. २०१५ चं उदाहरण घेऊ. (यूएसएचएल, डब्ल्यूएचएल आणि ओएचएल या उत्तर अमेरिकेतल्या तरुण खेळाडूंच्या, म्हणजे ज्युनिअर, लीग आहेत.) कॉनरने यूएसएचएलमध्ये ५६ सामन्यांत ८० गुण केले होते. बार्झलने डब्ल्यूएचएलमध्ये ४४ सामन्यांत ५७. गुडघ्याच्या दुखापतीमुळे सामने कमी. डेब्रस्कने त्याच लीगमध्ये ७२ सामन्यांत ८१, त्यात ४२ गोल. सेनिशिनने ओएचएलमध्ये ६६ सामन्यांत ४५.

हे आकडे असेच्या असे तुलनेला घेऊ नका. लीगची ताकद सारखी नसते. ओएचएल आणि डब्ल्यूएचएल सहसा यूएसएचएलपेक्षा वरचढ धरल्या जातात. प्रत्येक लीगचा गुण एनएचएलच्या मापात आणणारे गुणक जालावर मिळतात, पण जुन्या आणि नव्या तक्त्यांत बराच फरक असतो, त्यामुळे एकच तक्ता निवडा आणि शेवटपर्यंत तोच वापरा. वयही बघा. ड्राफ्टची वयोमर्यादा १५ सप्टेंबरला ठरते, म्हणून पहिल्यांदा पात्र झालेल्या मुलांतही जवळजवळ वर्षाचं अंतर असू शकतं. कॉनर डिसेंबर १९९६ चा, सेनिशिन मार्च १९९७ चा. (ही तारीख किती निर्णायक ठरू शकते पाहा: अलेक्झांडर ओवेचकिन आणि ऑस्टन मॅथ्यूज दोघांचाही जन्म १७ सप्टेंबरचा. दोन दिवसांनी हुकल्यामुळे एक २००३ ऐवजी २००४ मध्ये आला, दुसरा २०१५ ऐवजी २०१६ मध्ये, आणि दोघेही पहिल्या क्रमांकावर गेले.)

सेनिशिनच्या बाजूने स्काउटांचं म्हणणंही नोंदवा, नाहीतर तपासणी एकतर्फी होते. त्याचा सू सेंट मरीचा संघ तगडा होता, वरच्या फळ्यांत जागा मिळत नव्हती, आणि त्याचा वेग डोळ्यांत भरणारा होता. पुढच्या हंगामात त्याने ४५ गोल केलेही. तरीसुद्धा वयाची आणि लीगची सूट देऊनही ४५ गुण आणि ८० गुण यांतली दरी भरून निघत नाही, आणि बहुतेक सार्वजनिक याद्यांत तो बार्झल आणि कॉनर यांच्या बराच खाली होता. झबोरिल आणि डेब्रस्क मात्र आपापल्या अपेक्षित पट्ट्यातच गेले. म्हणजे २०१५ ची तक्रार तीन निवडींची नसून मुख्यतः एका निवडीची, पंधराव्या क्रमांकाची आहे. तिथे संघाने उपलब्ध माहितीच्या विरुद्ध जाऊन पैज लावली आणि ती हरली.

‘आपण याला सोडलं!’ याचं वजन किती

नंतर चमकलेल्या खेळाडूचं नाव घेऊन संघाला दोष देणं सगळ्यांत सोपं असतं. त्यावर एक साधी कसोटी आहे: त्याला किती निवडींनी सोडलं ते मोजा, आणि ज्या संघाने घेतलं त्यानेच त्याला आधी किती वेळा सोडलं तेही मोजा. ब्रेडन पॉइंट २०१४ मध्ये ७९ वा गेला. टँपा बेच्या दूरदृष्टीचं कौतुक होतं, पण त्याच टँपाने १९, ३५ आणि ५७ या क्रमांकांवर त्याला सोडून दुसऱ्यांना घेतलं होतं. २००३ मध्ये बोस्टनने पॅट्रिस बर्जरॉनला ४५ व्या क्रमांकावर घेतलं, पण त्याआधी २१ व्या क्रमांकावर मार्क स्टुअर्टला. घेणाऱ्यालाच तो पहिल्या संधीत नको होता, तर बाकीच्यांना एकट्याने दोषी धरता येत नाही.

म्हणून पर्यायी खेळाडूंची खिडकी ठरवून घ्या. पहिल्या फेरीत आपल्या निवडीनंतर गेलेले पुढचे दहा खेळाडू, दुसऱ्या फेरीत पुढचे वीस. त्यापलीकडचं नाव तुलनेत घ्यायचं असेल तर तो सार्वजनिक याद्यांत वर होता हे दाखवता आलं पाहिजे. या खिडकीतून २००३ पाहिलं की न्यूयॉर्क रेंजर्सचं दुःख खरं ठरतं. त्यांनी १२ व्या क्रमांकावर ह्यू जेसिमनला घेतलं. तो एनएचएलमध्ये दोन सामने खेळला, तेही फ्लोरिडाकडून. लगेच पुढच्या दहांत डस्टिन ब्राउन (१३), ब्रेंट सीब्रूक (१४), झॅक पॅरिसे (१७), रायन गेट्झलाफ (१९) आणि ब्रेंट बर्न्स (२०) होते. एक-दोन नव्हे, पाच. खिडकीत एकच तारा असेल तर तो योगायोग असू शकतो. खिडकी ताऱ्यांनी भरलेली असताना हात रिकामा राहिला, तर यादीतच काहीतरी चुकलं होतं.

क्रमांक कसा हाती आला तेही लिहा. २०१७ मध्ये कोलोराडो गुणतक्त्यात ४८ गुणांसह तळाला होता, तरी लॉटरीत (खालच्या संघांचे निवडक्रम ठरवणाऱ्या सोडतीत) चौथ्या क्रमांकावर घसरला. फिलाडेल्फिया तेराव्या जागेवरून दुसऱ्यावर आला. फिलाडेल्फियाने नोलन पॅट्रिकला घेतलं, कोलोराडोला केल मकार मिळाला. पॅट्रिकची ज्युनिअरमधली दुखापत सगळ्यांना दिसत होती. त्या हंगामात तो ३३ सामनेच खेळला होता. ती जोखीम निर्णयाच्या खात्यात जाते. पण पुढे अर्धशिशीच्या आजाराने त्याचा २०१९-२० चा अख्खा हंगाम गेला, आणि ते त्या दिवशी कुणालाच दिसण्यासारखं नव्हतं. ते नशिबाच्या खात्यात. दोन्ही एकाच रकान्यात टाकू नका.

निवड चुकली की जडणघडण

या भागात ठाम पुरावा क्वचित मिळतो, म्हणून खुणांवर काम करावं लागतं. तीन गोष्टी तपासा: खेळाडूला एनएचएलमध्ये कोणत्या वयात उतरवलं, पहिल्या दोन हंगामांत सामन्यामागे किती मिनिटं मिळाली, आणि संघ बदलल्यावर तो सुधारला का. नव्या संघात लगेच आणि टिकून सुधारला तर जुन्या संघाच्या जडणघडणीकडे बोट दाखवता येतं. कुठेच सुधारला नाही तर निवडीकडे. एका हंगामाच्या उसळीवर मात्र विसंबू नका.

मॉन्ट्रियलची २०१८ ची निवड यासाठी अभ्यासण्यासारखी आहे. संघाला वर्षानुवर्षं सेंटरची (मधल्या फॉरवर्डची) चणचण होती. तिसऱ्या क्रमांकावर त्यांनी येस्पेरी कोटकानिएमीला घेतलं. चौथा गेला ब्रेडी काचक, सातवा क्विन ह्यूज. कोटकानिएमी अठराव्या वर्षीच थेट एनएचएलमध्ये उतरला आणि पहिल्या हंगामात ७९ सामन्यांत ३४ गुण केले, पण पुढे ती चढण राहिली नाही. घाईने उतरवल्याचा आरोप होतो आणि त्यात तथ्य असू शकतं. पण कॅरोलायनात जाऊनही तो पहिल्या फळीचा सेंटर झाला नाही, हे पाहता मूळ दोष निवडीकडे जास्त झुकतो. संघाची गरज बघून घेतलेला खेळाडू तीन-चार वर्षांनी तयार होतो, आणि तोवर गरजच बदललेली असते. पहिल्या पाच क्रमांकांत गरजेपोटी निवड करणाऱ्या संघावर या तपासणीत कडक राहा.

मालाचा पुढचा प्रवास

निवड म्हणजे मालमत्ता. ती कुठून आली आणि पुढे तिचं काय झालं, हे लिहिल्याशिवाय खातं पूर्ण होत नाही. कोटकानिएमीला २०२१ मध्ये कॅरोलायनाने ६१ लाख डॉलरची ऑफर शीट (दुसऱ्या संघाच्या खेळाडूला थेट कराराचा प्रस्ताव) दिली. मॉन्ट्रियलने तितकीच रक्कम देऊन त्याला ठेवलं नाही आणि भरपाई म्हणून पहिल्या व तिसऱ्या फेरीची निवड घेतली. ती जमेची बाजू.

बोस्टनच्या १३ व्या क्रमांकाचा उगम मिलान लुचिचच्या ट्रेडमध्ये आहे. लॉस एंजेलिसकडून त्यासोबत मार्टिन जोन्स आणि कॉलिन मिलर आले. जोन्सला लगेच सॅन होजेला देऊन शॉन कुराली आणि २०१६ ची पहिल्या फेरीची निवड मिळाली, जिच्यातून ट्रेंट फ्रेडरिक आला. १५ वा क्रमांक डगी हॅमिल्टनच्या बदल्यात कॅलगरीकडून आला, सोबत दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी. म्हणजे सेनिशिनची खरी किंमत हॅमिल्टनच्या खात्यात बसते, आणि ती फार जड आहे. दुसरीकडे डेब्रस्क साडेचारशेहून अधिक सामने खेळला, पण २०२४ मध्ये करार संपवून गेला, बदल्यात काहीच आलं नाही.

उलट दिशेची चूकही होते. ‘एडमंटनने बार्झल घालवला’ हे ड्राफ्टच्या खात्यात लिहू नका. त्यांनी १६ वा आणि ३३ वा क्रमांक न्यूयॉर्क आयलंडर्सना देऊन ग्रिफिन राइनहार्टला आणलं होतं. तो एडमंटनसाठी २९ सामने खेळला. नुकसान मोठं, पण ते ट्रेडचं आहे. त्यात स्काउटांचा निवडीपुरता तरी संबंध नाही. याच्याच शेजारी २००३ चं एडमंटन ठेवा: १७ वा क्रमांक न्यू जर्सीला देऊन ते २२ वर उतरले आणि वर ६८ वा मिळवला. न्यू जर्सीने पॅरिसे घेतला, एडमंटनला मार्क-आंत्वान पुलियो मिळाला. इथे मात्र दोष ड्राफ्टच्या टेबलाचाच, कारण पॅरिसे समोर उपलब्ध असताना खाली उतरायचं ठरलं.

यादीप्रमाणे चालणारा काल्पनिक संघ

एखाद्या निवडीवरून स्काउटांची पात्रता ठरत नाही. त्यासाठी सलग पाच ड्राफ्ट घ्या आणि एक काल्पनिक संघ उभा करा. त्याच्याकडे तुमच्या संघाचेच क्रमांक आहेत, पण तो डोकं न चालवता प्रत्येक वेळी सार्वजनिक यादीतला उरलेल्यांपैकी सर्वांत वरचा खेळाडू घेतो. त्याने आधी घेतलेला खेळाडू पुन्हा घेता येणार नाही, हे लक्षात ठेवा. यादी कोणती वापरायची हे निकाल बघण्याआधी ठरवा; नंतर ठरवली तर हात आपोआप सोयीच्या यादीकडे जातो. गोलकीपर बाजूला ठेवा, कारण याद्यांत त्यांची जागा फार अनिश्चित असते. यादी जिथे संपते, साधारण तिसऱ्या फेरीत, तिथे तुलनाही थांबवा. शेवटी दोन्ही संघांचे एकूण सामने आणि २०० सामने ओलांडलेले खेळाडू मोजा.

बोस्टनसाठी २०१२ ते २०१६ हा पट्टा घेतला तर २०१५ एकटं उभं राहत नाही. २०१४ मध्ये २५ व्या क्रमांकावर डेव्हिड पास्टर्नाक, २०१६ मध्ये १४ व्या क्रमांकावर चार्ली मॅकअव्हॉय, आणि खुद्द २०१५ मध्येच ३७ व्या क्रमांकावर ब्रँडन कार्लो. शिवाय डॉन स्वीनी मे २०१५ मध्ये जनरल मॅनेजर झाले आणि जूनमध्ये ड्राफ्ट आला. हंगामभराचं स्काउटिंग त्यांच्या आधीच्या कारभारात झालं होतं, त्यामुळे माणसांच्या नावापुढे दोष लिहिताना तारखा आधी बघा.

यंदाच्या ड्राफ्टपासून एक सवय लावून घ्या. निवड जाहीर होण्याआधी तुमच्या संघाच्या प्रत्येक क्रमांकासाठी तुम्ही कुणाला घेतलं असतं ते तारखेसह लिहून ठेवा, आणि वापरलेली सार्वजनिक यादीही त्याच फाइलमध्ये उतरवा, कारण जुन्या याद्या जालावरून नाहीशा होतात. पाच वर्षांनी ही फाइल उघडाल तेव्हा तिसरा रकाना तुमचा असेल: संघ, यादी आणि तुम्ही. पहिल्या दोन फेऱ्यांपुरतंच लिहिलं तरी चालेल. मात्र एकदा लिहिलेलं नाव नंतर बदलायचं नाही. तो खेळाडू पुढच्याच हिवाळ्यात जायबंदी झाला तरीही.